मॅडमना कोण सांगणार?

परगावी जाऊन घ्यायच्या वैद्यकीय शिक्षणाला माझा विरोध होता आणि तो मी कधी लपवून ठेवला नाही. निपाणीतल्या डॉक्टरांच्या बैठकीत हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघून हसायचे, कारण पुढचं भाषण त्यांना पाठ होतं. परिषदांची गावं बघा, मी म्हणायचे. गोवा, म्हैसूर, बेंगळुरू, जयपूर. घरची माणसं ‘आम्ही नाही येत’ म्हणतील असं एक तरी गाव यादीत दाखवा. अपघाताचा, सापाचा, छातीत कळ आलेला पेशंट येतो आमच्या दारात, आणि त्याला वाचवायला शिकायचं कुठे, तर बुफे लागलेल्या हॉटेलात. सकाळी सभागृह भरलेलं, जेवणानंतर अर्धं रिकामं आणि संध्याकाळी प्रमाणपत्रांच्या टेबलापाशी पुन्हा रेटारेटी, हे मी स्वतः पाहिलेलं होतं. ऐकीव काही नव्हतं.

त्यात तासांचा हिशेब. कर्नाटकात डॉक्टरची नोंदणी चालू ठेवायला पाच वर्षांत तीस क्रेडिट तास लागतात. पलीकडे महाराष्ट्रातही आकडा तोच. तास मोजायला लागलं की माणूस तासच जमवतो, शिकतो की नाही हे कोण बघतंय? आणि औषध कंपन्यांचं काय सांगायचं. 2009 च्या डिसेंबरात मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना बजावलं की कंपन्यांकडून प्रवास आणि पाहुणचार घ्यायचा नाही. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारच्या नव्या संहितेने कंपन्यांना बजावलं की व्याख्याता सोडून कुणाचं तिकीट नि हॉटेल करायचं नाही, आणि परदेशात असले कार्यक्रम भरवायचेच नाहीत. दोन ताकिदींमध्ये चौदा वर्षांहून जास्त काळ गेला, यावरून पहिली किती पाळली गेली ते समजा.

माझ्या बोलण्याला वजन यावं म्हणून मी बावस्करांचं नाव घ्यायचे. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, त्यातही मुलं, फुप्फुसात पाणी होऊन दगावायची. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपलं, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध वापरलं, आणि जिथे शंभरातले तीस-चाळीस जायचे तिथे मृत्यू एक-दोनांवर आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा माणूस कुठल्या हॉटेलात शिकला, एवढं विचारून मी खाली बसायचे. समोरून कुणी बोलत नसे. पेशंट हाच गुरू, हे माझं मत होतं आणि ते चांगलंच घट्ट बसलेलं होतं.

घट्ट बसायला कारणही होतं. मी हुबळीला शिकत होते तेव्हा आपत्कालीन वैद्यक नावाचा वेगळा विषयच नव्हता. भारतात त्याला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली 2009 साली. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे सगळ्यात आजारी पेशंटपुढे सगळ्यात नवखा डॉक्टर उभा करायची जागा. आम्ही तिथेच पडत-झडत शिकलो. पुढे निपाणीत आले तर हायवे दाराशी आणि तवंदी घाट हाकेच्या अंतरावर. घाटात ट्रक उलटला की पहिला फोन आमच्याकडे. ऊसतोडीच्या दिवसांत साप. कळ येऊन घामाघूम झालेला माणूस मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून येतो, हे तर नेहमीचं. एवढं सगळं हाताखालून गेल्यावर आपल्याला येतं असं वाटणारच. यात गर्व कमी आणि सवय जास्त होती.

बसवनगुडीला गेले ती हौसेने नव्हे. आमच्या रुग्णालयाला एनएबीएचच्या मानांकनासाठी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांची जीवरक्षक प्रशिक्षणाची चालू प्रमाणपत्रं दाखवायची होती. ती दोनच वर्षं चालतात. माझं कधीच संपलेलं. कोल्हापूरची तुकडी भरली होती, बेंगळुरूला जागा होती, आणि गांधी बाजारच्या मागच्या गल्लीत माझी मामेबहीण राहते. आम्हा सीमाभागातल्यांचं हे असंच. राजधानी बेंगळुरू, पण जीव आणि पेशंट दोन्ही कोल्हापूरच्या दिशेने धावतात. 2024 चा नोव्हेंबर, कार्तिक संपत आलेला. रात्रभर बसने प्रवास करून दारात उभी राहिले तर अक्का म्हणाली, ‘शिकायला आलीस, का परिषेला? खरं सांग.’

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे कडलेकाई परिषे भरते, शेंगांची जत्रा. गोष्ट अशी सांगतात की सुंकेनहळ्ळीच्या शेतकऱ्यांच्या शेंगा एक बैल रात्री येऊन फस्त करायचा, म्हणून त्यांनी पहिलं पीक नंदीला वाहायचा नवस बोलला. केंपेगौडाने बांधलेल्या देवळात एकाच दगडातला अवाढव्य नंदी बसलाय. त्याच्यावरूनच वस्तीला बसवनगुडी नाव पडलं. त्या वर्षी परिषे 25 तारखेला होती आणि आमचं प्रशिक्षण त्याच्या आदल्या शनिवार-रविवारी. म्हणजे मी जिच्यावर इतकी वर्षं तोंडसुख घेत होते नेमकी तसलीच सहल माझ्या वाट्याला आली. निपाणीच्या ग्रुपवर कुणीतरी शेंगांचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘मॅडमना शुभेच्छा.’

प्रशिक्षणाची जागा म्हणजे बुल टेंपल रोडपासून आत एका इमारतीचा पहिला मजला. बुफे वगैरे काही नाही. जमिनीवर सतरंज्या, त्यावर रबरी बाहुल्या, आणि आमचे गुडघे. या बाहुलीची मूळ आवृत्ती नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने 1960 मध्ये काढली, आणि तिचा चेहरा सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला असं सांगतात. आता तिच्या पोटात यंत्र बसवलेलं असतं. छाती किती खाली गेली, किती वेगाने, पूर्ण वर आली की नाही, सगळं बाजूच्या दिव्यांवर दिसतं. कोल्हापूर पट्ट्यात सीपीआर म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे पेशंट पुढे पाठवायची जागा. इथे पाठवायला कुठे वाव नव्हता. दाबायचं होतं.

नियम मला तोंडपाठ होते. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. 2015 पासून हे आकडे तसेच आहेत. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मी सुरू केलं. खोलीचा दिवा लागला, वेगाचा लागला, छाती वर येण्याचा काही लागेना. हासनहून आलेली अतिदक्षता विभागातली एक सिस्टर त्या फेरीत आमच्या गटाची प्रमुख होती, माझ्या मुलीच्या वयाची. ती कन्नडमध्ये म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही रेलताय.’ मी सावरले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ‘मॅडम, रेलताय.’ दोन दाबांच्या मध्ये माझ्या तळहाताचा भार छातीवर तसाच राहत होता. म्हणजे मी हृदय पिळत होते, पण त्याला भरू देत नव्हते. दोन मिनिटं झाल्यावर तिने मला उठवलं, माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं आणि मला औषधांच्या ट्रॉलीवर पाठवलं. बोलण्यात आगाऊपणा नव्हता की संकोच नव्हता. सांगायचं ते सांगितलं आणि पुढच्या कामाला लागली.

ट्रॉलीवर वेगळीच गंमत. मॉनिटरवर सरळ रेषा आली की आमच्या पिढीचा हात अ‍ॅड्रेनलिनच्या मागोमाग अ‍ॅट्रोपिनकडे जातो. 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनी अ‍ॅट्रोपिन त्या जागेवरून काढलं, कारण त्याचा फायदा दिसत नव्हता. हे मी वाचलं होतं. कोविडच्या काळातल्या एका वेबिनारच्या प्रश्नपत्रिकेत बरोबर उत्तरावर खूणही केली होती. तरी हात गेलाच. घरबसल्या पडद्यावर शिका, प्रवासाचा खर्च वाचवा, हा माझा दुसरा आवडता मुद्दा. त्याचा फोलपणा त्या क्षणी माझ्याच बोटांत एम्प्यूल होऊन बसला होता.

संध्याकाळी अक्काच्या गच्चीत बसून मी विचार करत होते तो बाहुलीचा नव्हता. निपाणीत मला हे कोणी सांगितलं असतं? आमच्या सिस्टर हुशार आहेत, वर्षानुवर्षं माझ्याबरोबर आहेत. त्यांना दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण मॅडमना कोण सांगणार? मी प्रश्न विचारते आणि त्या उत्तर देतात. उलट दिशेने आमच्याकडे वाहतूक नाही. नवरा डॉक्टर आहे, पण तो त्याच्या ओपीडीत. आणि ज्याला मी गुरू म्हणत होते तो पेशंट? वाचलेल्याच्या घरचे पेढे आणतात. दगावलेल्याच्या घरचे एकतर नशिबाला बोल लावतात, नाहीतर काचा फोडतात. माझा तळहात दोन दाबांच्या मध्ये कुठे होता हे यातलं कुणीच सांगत नाही. अनुभवाने माणूस घडतो हे खरं आहे, पण तो चुकीच्या बाजूलाही तितक्याच सफाईने घडतो, आणि आपल्या गावात, आपल्या खुर्चीत, ते कळायची काही सोय नसते.

मग बावस्कर? रात्री झोप येईना म्हणून मी माझ्याच हुकमी उदाहरणाची उलटतपासणी घेतली. बिरवाडीत बसून त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी तिथेच ठेवलं नाही. 1982 मध्ये त्यांचं टिपण लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढेही ते लिहीत राहिले. 2011 मध्ये ‘बीएमजे’त प्राझोसिनबरोबर विंचवाचं प्रतिविष दिल्यास काय फरक पडतो याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांना महाड कुठे आहे हे ठाऊक नाही, ज्यांना बावस्करांचा काडीचा मुलाहिजा नाही, अशा लोकांपुढे त्यांनी आपलं काम ठेवलं आणि तपासा म्हणाले. पेशंटने त्यांना शिकवलं हे मी नेहमी सांगत आले. अनोळखी परीक्षकांनी त्यांना तपासलं, हे मी सोयीस्करपणे गाळत आले. ते टपालाने बाहेर गेले, मी बसने गेले. माझ्याकडे लॅन्सेटमध्ये पाठवण्यासारखं काही नव्हतं हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एका प्रशिक्षकाने जिम स्टायनरची गोष्ट काढली. अपघातग्रस्तांच्या उपचारांचा एटीएलएस हा अभ्यासक्रम जगभर चालतो, आपल्याकडे 2009 पासून. त्याचं मूळ 1976 च्या फेब्रुवारीतल्या एका विमान अपघातात आहे. स्टायनर हे अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद, स्वतःचं छोटं विमान चालवत होते. ते नेब्रास्काच्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, चार मुलं जखमी. जवळच्या लहान रुग्णालयात पोहोचल्यावर त्यांना दिसलं की तिथल्या डॉक्टरांना सुरुवात कुठून करायची हेच माहीत नाही. त्या रागातून आणि दुःखातून 1978 मध्ये पहिला अभ्यासक्रम उभा राहिला, तोही नेब्रास्कातल्याच ऑबर्न या छोट्या गावात. मी कान टवकारले. खेड्यात जाऊन शिकवा, हे तर माझंच म्हणणं! पण गोष्टीचा रोख निराळा होता. तो अभ्यासक्रम रोज पन्नास अपघात बघणाऱ्यांसाठी नव्हताच. ज्याच्या दारात असा पेशंट क्वचित येतो, त्याच्यासाठी होता. मोठ्या शहरातल्या कॅज्युअल्टीत हृदय बंद पडणं रोजचं आहे, तिथल्या हाताला गंज चढत नाही. आमच्याकडे महिनोन्‌महिने मध्ये जातात. पेशंट हा गुरू खरा, पण हा गुरू सणावारीच उगवतो, तर मधल्या काळात शिष्याने काय करायचं?

ऑबर्नचा मुद्दा मात्र मला सोडवेना. लहान गावात शिकवता येतं ना, मग बेंगळुरू कशाला? उत्तर माझ्या फोनमध्ये होतं. हेच प्रशिक्षण निपाणीत भरलं असतं तर मला दर अर्ध्या तासाने ओपीडीतून हाक आली असती, आणि मुख्य म्हणजे मला गटात प्रमुख सोडून दुसरं काही कुणी केलं नसतं. उद्घाटनाला दीप लावायलाही मलाच बोलावलं असतं. बसवनगुडीत मी कुणाची कोण नव्हते. परगावच्या गजबजीला मी इतकी वर्षं नावं ठेवली. तिने मला दोन दिवस विद्यार्थिनी होऊ दिलं. हे ऐकून अक्का म्हणाली, ‘एवढं कळायला एवढी वर्षं?’ तिला डॉक्टर लोकांबद्दल फारसा आदर कधीच नव्हता.

आणि गजबजीचा आणखी एक उपयोग, ज्यावर माझा स्वतःचा विश्वास बसायला वेळ लागला. रविवारी सकाळी आम्ही काही जण विद्यार्थी भवनला गेलो. 1943 पासूनचं हॉटेल, गांधी बाजारात. बाहेर नावं देऊन थांबायचं. आत वेटर डोश्यांच्या ताटल्यांची उतरंड एका हातावर रचून टेबलांमधून तरंगत जातो. रांगेत सकलेशपूरकडचा एक डॉक्टर होता. कॉफीच्या मळ्यांचा भाग, सापाचे पेशंट भरपूर. देशात 2000 ते 2019 या काळात दरवर्षी सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशाने गेल्याचा अंदाज आहे, आणि 2024 च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. त्यावरून बोलणं निघालं. तो सहज म्हणाला, ‘वीस मिनिटांच्या चाचणीला तुम्ही नळी कुठली वापरता?’

घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठतंय का हे बघायची ही साधी चाचणी. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून काचेच्या नळीत घालायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता उभं ठेवायचं, मग एकदाच तिरकं करून बघायचं. रक्त ओघळलं तर विषाचा परिणाम झालाय, प्रतिविष सुरू करा. आमच्याकडे चाचणी नियमाने होते. पण त्याचा रोख नळीवर होता. काच स्वच्छ, कोरडी आणि नवी हवी. प्लॅस्टिकच्या नळीत, किंवा साबणाने धुतलेल्या काचेत, गोठणारं रक्तही नीट गोठत नाही. मग गरज नसलेल्या पेशंटला दहा-दहा कुप्या प्रतिविष जातं आणि त्याची रिअ‍ॅक्शन निस्तरायची वेळ येते. त्यांच्याकडे आधी तसंच होत होतं. मी तिथूनच निपाणीला फोन लावला. आमच्या नळ्या काचेच्या होत्या. धुतलेल्या होत्या. डोसा आल्यावरही दोघांचं या विषयावर एवढं बोलणं चाललं की त्यावरचं लोणी विरघळून गेलं. कुठल्याच व्याख्यानाच्या यादीत ‘नळी कशाने धुता’ हा विषय मी आजवर पाहिलेला नाही. तो रांगेतच निघतो, आणि रांग लागते ती चार गावची माणसं मुद्दाम एका गावात आल्यावर.

रविवारी संध्याकाळी प्रशिक्षण संपल्यावर प्रशिक्षक आम्हाला चालत परिषेत घेऊन गेले. मुख्य दिवस सोमवारचा, पण पाल दोन दिवस आधीच पडलेले. दोन्ही फुटपाथवर शेंगांचे ढीग, ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. मधूनच चुरमुरे, बांगड्या, पिपाण्या. दोड्ड गणपतीपाशी तर मुंगीला वाट नाही. एका ढिगापाशी थांबून ते म्हणाले, ‘समोरचा गृहस्थ आत्ता इथे कोसळला. सांगा.’

कागदावर सगळ्यांना येतं. विजेचा झटका मिळायला जितकी मिनिटं उशीर, तितकी जगण्याची शक्यता मिनिटागणिक सात ते दहा टक्क्यांनी घटते. कोणी म्हणालं 108 ला फोन. ती सेवा कर्नाटकात 2008 च्या नोव्हेंबरपासून आहे, फोन लागेल, पण गाडी आत कुठून येणार? कोणी म्हणालं पेशंटला उचलून मोकळ्यावर नेऊ, तर दुसऱ्याने विचारलं की नेताना दाबणार कोण? तिथेच, दोन ढिगांच्या मधल्या जागेत सुरू करायचं आणि माणसांचं कडं करून घ्यायचं, इथवर आलो. गाडीचा रस्ता काही सुटेना. आम्ही फोनवर नकाशे उघडून वाद घालत होतो, तेवढ्यात हासनच्या त्या सिस्टरने शेंगा विकणाऱ्या बाईलाच विचारलं. तिने मापातल्या शेंगा न सांडता हनुवटीने मागचा बोळ दाखवला. रात्री पोत्यांचा टेम्पो तिथून येतो, म्हणाली, तुमची गाडी का नाही येणार?

निपाणीच्या उरुसात आमचा तंबू दरवर्षी लागतो. टेबल, सलाईनचं स्टँड, टेबलफॅन, वर बॅनर. माल कुठून आत येतो हे मी तिथल्या एकाही दुकानदाराला आजवर विचारलं नव्हतं. आता विचारते, आणि रुग्णवाहिका त्याच तोंडाशी उभी करते.

माझं मत बदललं ते एवढ्यापुरतं, याची नोंद इथे करून ठेवते, नाहीतर ग्रुपवरची मंडळी ‘मॅडम फिरल्या’ म्हणून मिरवणूक काढतील. हजार खुर्च्यांच्या परिषदा, फेटे, स्मरणिका, उद्घाटनाची दोन तासांची भाषणं, यांच्याबद्दल माझं म्हणणं जुनंच आहे. दोन वर्षांचं कार्डही मला पटत नाही. हाताचं कसब काही महिन्यांतच उतरायला लागतं हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी कार्डावर दोन वर्षं. आणि तिथे शिकवलेलं सगळं आमच्याकडे चालतं असंही नाही. हृदयविकाराच्या पेशंटला वजनानुसार एकाच झटक्यात द्यायचं टेनेक्टेप्लेझ शिकवतात. कर्नाटकात 2023 पासून पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या योजनेतून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळायला लागलं, ही मोठी गोष्ट. आमच्यासारख्या खासगीत मात्र पेशंटच्या खिशाकडे बघून अजूनही तासभर चालणारं स्ट्रेप्टोकायनेज लावावं लागतं. मुंबई-बेंगळुरूच्या प्रशिक्षकांना ही अडचण समजावून सांगताना माझाही थोडा क्लास झाला, तेव्हा फिटंफाट.

परत आल्यावर एक बाहुली घेतली, दिव्यांची. पाळी बदलताना दहा मिनिटं, कुणीही प्रमुख, कुणीही दाबायला. पहिले काही दिवस माझी पाळी आली की सगळ्या सिस्टर भिंतीकडे बघायच्या. मग एका रात्री एकीने तोंड उघडलं. ‘मॅडम, हात.’ बस, एवढंच. मी हात उचलला. आता तर जरा जास्तच बोलतात.

खरी भांडणं सुरू झाली ती पुढच्या खेपेला कोणी जायचं यावरून. व्यवस्थापन म्हणतं, मानांकनासाठी डॉक्टरांची कार्डं लागतात, डॉक्टरांना पाठवू. मी म्हणते रात्रपाळीच्या सिस्टरना आणि रुग्णवाहिकेवरच्या माणसांना आधी पाठवा, पेशंटच्या छातीवर पहिला हात त्यांचा पडतो. फी कोणी भरायची, बदली ड्यूटी कोणी करायची, यावर तीन बैठका होऊनही कागद पुढे सरकलेला नाही. दरम्यान आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकाने कॅज्युअल्टीच्या दारात मला गाठलं. शेंगांचं त्याच्याही कानावर गेलं होतं. म्हणाला, ‘मी येतो की मॅडम. शिकवणार कन्नडमध्ये का इंग्रजीत, तेवढं आधी विचारून घ्या.’ विचारलं आहे. प्राथमिक प्रशिक्षणाची तुकडी पुरेशी माणसं जमली तर कन्नडमध्ये घेऊ म्हणतात. माणसं जमवतो आहोत.